आवाज जपण्याची साधने : यंत्र घ्यावे की सॉफ्टवेअर?

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७७ साली, एडिसनने अमेरिकेत फोनोग्राफ तयार केला, हेही शाळकरी मुलांस पाठ असते. परंतु या दोन सनांची सांगड आपण सहसा घालीत नाही. ती घातली म्हणजे ध्यानात येते की, त्या पहिल्या व्याख्यानांचा आवाज धरून ठेवून पुन्हा ऐकवील असे साधन त्या वेळी जगात कोठेच नव्हते. वक्ते काय बोलले हे थोडेफार छापून राहिले. कसे बोलले, कोठे थांबले, कोणत्या शब्दावर जोर दिला, ते ऐकणाऱ्यांबरोबरच गेले.

आज परिस्थिती अगदी उलट आहे. सभेला आलेल्या प्रत्येकाच्या खिशात आवाज टिपणारे यंत्र आहे. त्यामुळे आवाज धरता येईल का, हा प्रश्न उरलेला नाही. तो चांगला कसा धरावा आणि टिकवावा कसा, एवढेच आता ठरवावयाचे आहे. वरवट बकालसारख्या गावातील भजनी मंडळातला एखादा तरुण, किंवा स्वतः चाली बांधणारा एखादा शिक्षक, घरातली एक खोली रेकॉर्डिंगसाठी मोकळी करतो आणि पहिल्याच दिवशी पेचात पडतो. गाठीला पैसा थोडा. तो मिक्सर, रेकॉर्डर अशा यंत्रांत घालावा, की संगणकावर एखादे सॉफ्टवेअर घेऊन भागवावे? दुकानदार एक सांगतो, मित्र दुसरेच सांगतो. अशा वेळी इतिहासाकडे पाहिल्यास बरीच वाट दिसते, असा आमचा अनुभव आहे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर आम्ही आज इतिहासाच्या अंगाने शोधणार आहो.

यंत्र परक्याचे, गळा आपला

आपल्या देशात व्यापारी ध्वनिमुद्रणाची मोठी मोहीम १९०२ साली झाली. फ्रेड गैसबर्ग नावाचा तंत्रज्ञ ग्रामोफोन कंपनीतर्फे कलकत्त्यास उतरला आणि त्याने गौहरजान इत्यादी गायिकांची गाणी मुद्रित केली. त्या काळी विजेचा माइक नव्हता. गाणाराने भोंग्यात तोंड घालून मोठ्याने गावयाचे. त्या दाबाने सुई हलावयाची आणि मेणाच्या तबकडीवर रेघ उमटावयाची. त्या तबकडीवरून विक्रीच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे निघत. गाण्याच्या शेवटी गौहरजान इंग्रजीत आपले नाव सांगते, ते पुष्कळांना गमतीचे वाटते. पण ते दूरच्या कारखान्यातील माणसांना तबकडी कोणाची हे कळावे यासाठी होते. पुढे १९०८ साली कलकत्त्यास कारखाना निघाला.

या व्यवस्थेत यंत्र, भांडवल आणि निवड ही तिन्ही कंपनीच्या हाती होती. कोणाचे गाणे मुद्रित व्हावयाचे, हे विक्रीवर ठरे. रागाचा तासाभराचा विस्तार सुमारे तीन मिनिटांच्या तबकडीत कोंबावा लागे. सर्वांनाच हे मानवले नाही. आमच्या महाराष्ट्रात घडलेले दोन थोर गवई, भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) आणि जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादियाखाँ (१८५५–१९४६), यांच्या गाण्याच्या तबकड्या आपणास उपलब्ध नाहीत. त्यांचे गाणे शिष्यांच्या गळ्यातून आणि जुन्या लोकांच्या आठवणींतून आपल्यापर्यंत आले. साधन असूनही आवाज निसटतो, तो असा.

भाषेची कथाही अशीच आहे. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयीचा सातवा खंड १९०५ साली निघाला आणि त्यात वऱ्हाडी बोलीचे नमुने छापले गेले. वऱ्हाडी माणूस 'डोळा'चा 'डोया' करतो, 'काळा'चा 'काया' करतो, एवढे कागद दाखवू शकतो. पण संग्रामपूरकडची म्हातारी तोच शब्द रागाने, लाडाने किंवा कौतुकाने कशी उच्चारते, ते कागदाला सांगता येत नाही. म्हणूनच १९१३ पासून त्याच सर्वेक्षणाला जोडून ग्रामोफोनवर बोलींचे आवाजही घेण्यास सुरुवात झाली. छापील अक्षराला आवाजाची जोड हवी, ही जाणीव इतकी जुनी आहे.

माइक आणि फीत

१९२५ च्या सुमारास विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि भोंगा गेला. माइकमुळे हलका सूर, श्वास आणि कुजबूजही टिपता येऊ लागली. अब्दुल करीमखाँसाहेबांच्या गाण्याचा नाजूकपणा आपणास आज जाणवतो, तो मुख्यतः त्यांच्या अखेरच्या वर्षांतील, १९३० नंतरच्या, विजेच्या ध्वनिमुद्रणामुळे. नंतर जर्मनीत १९३५ साली मॅग्नेटोफोन हे चुंबकीय फितीचे यंत्र लोकांपुढे आले. महायुद्ध संपल्यावर ते अमेरिकेत गेले आणि तेथून जगभर पसरले. फीत पुसता येते, कापून जोडता येते आणि त्याच फितीवर पुन्हा मुद्रण करता येते. वेळेचे बंधनही सैल झाले. सेकंदाला साडेसात इंच वेगाने फिरणारे बाराशे फुटांचे रीळ ३२ मिनिटे चाले. तीन मिनिटांच्या तबकडीनंतर ही चैनच होती.

या फितीने आपल्या वऱ्हाडावर एक मोठा उपकार केला आहे. गाडगे महाराज हे अमरावती जिल्ह्यातील शेणगावचे. त्यांचे कीर्तन हा लिहिण्याचा प्रकारच नव्हता. लोकांना प्रश्न विचारणे, त्यांच्या तोंडून उत्तर काढणे, मध्येच हसविणे आणि त्याच दमात खडसावणे असा तो सगळा बोलण्याचा खेळ असे. १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईस वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. पुढे २० डिसेंबर १९५६ रोजी महाराज गेले. अवघ्या काही आठवड्यांचे अंतर! ते कीर्तन मुद्रित झाले नसते तर आज आपण बाबांविषयी पुष्कळ वाचले असते, पण त्यांना ऐकले नसते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरीची भजनेही ध्वनिमुद्रणामुळेच आपल्या कानी पडतात.

त्या मुद्रणात पार्श्वभूमीला खरखर आहे, आवाज मधूनमधून दूर जातो. आजचा कोणताही सॉफ्टवेअरवाला त्यात शंभर दोष काढील. परंतु ते करणाराने एक गोष्ट केली : योग्य वेळी यंत्र चालू केले. आमच्या विवेचनात हा मुद्दा पुढे फार उपयोगी पडेल.

यंत्र घरात आले

यंत्र कंपनीच्या खोलीतून घरात आले ते दोन वाटांनी. पहिली वाट १९६३ साली फिलिप्सने काढलेल्या कॅसेटची. १९८० नंतर आपल्याकडे कॅसेट इतकी स्वस्त झाली की मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली. लोकगीते, भीमगीते, देवांची गाणी, कीर्तने यांना खेडोपाडी बाजार मिळाला. साधा टेपरेकॉर्डर असलेल्या घरात लग्नाची गाणी आणि भजने भरून ठेवली जाऊ लागली.

दुसरी वाट अनेक थरांच्या मुद्रणाची. अमेरिकेत लेस पॉल या वादकाने १९५१ च्या सुमारास राहत्या घरी एकावर एक थर चढवून, एकाच माणसाचा वाद्यमेळ ऐकविला. जपानच्या टीॲक कंपनीने १९७९ साली चार थरांचे, कॅसेटवर चालणारे 'पोर्टास्टुडिओ' हे यंत्र विकावयास काढले. मिक्सर आणि रेकॉर्डर एकाच पेटीत आले. घरगुती स्टुडिओ ही कल्पना सामान्य वादकाच्या आवाक्यात आली ती या पेटीमुळे. आपल्याकडे ए. आर. रहमान यांनी चेन्नईत घराच्या आवारात स्टुडिओ उभा केला आणि १९९२ च्या 'रोजा' चित्रपटाने त्याचे फळ देशाला दाखविले.

सॉफ्टवेअरचा उदय

१९८३ साली मिडी हा संकेत ठरला आणि निरनिराळ्या कंपन्यांची विद्युत्‌ वाद्ये व संगणक एकमेकांशी बोलू लागले. १९८९ साली क्यूबेस आले, १९९१ साली प्रो टूल्स आले. हे पहिले प्रो टूल्स अवघ्या चार थरांचे होते आणि त्यासाठी संगणकात स्वतंत्र महागडी कार्डे बसवावी लागत. म्हणजे सॉफ्टवेअर म्हणून जे विकले जात होते, त्याचे निम्मे अंग यंत्रच होते. १९९६ साली व्हीएसटी ही पद्धत आली आणि प्रतिध्वनी देणारी पेटी, सूर उठावदार करणारी पेटी, आवाज आवरणारी पेटी अशा कपाटभर पेट्यांचे काम संगणकाच्या आत होऊ लागले. २००० साली ऑडॅसिटी हे फुकट आणि खुले सॉफ्टवेअर निघाले. २०१९ साली निघालेली बिली आयलिश या अमेरिकन मुलीची गाणी तिच्या भावाने घरातल्या झोपण्याच्या खोलीत संगणकावर मुद्रित केली आणि पुढल्या वर्षी त्या संग्रहाला ग्रॅमीचा सर्वोच्च मान मिळाला.

आपल्या संगीतातही हे स्थित्यंतर डोळ्यांदेखत झाले. मिरजेचा भोपळ्याचा तंबोरा. मग १९७९ च्या सुमारास बंगळूरास निघालेली इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी. आणि आता मोबाइलमधला तंबोरा. लाकूड, पेटी, आज्ञावली हा क्रम आहे. मात्र या तिघांतले कोणीच दुसऱ्याला पुरते हुसकावू शकलेले नाही, हेही ध्यानात ठेवावे.

टिकते काय?

येथे एक कसोटी लावून पाहू. महाराष्ट्रातील घराघरांतून आवाज गोळा करण्याचे सर्वांत मोठे काम कोणते, असे विचारले तर आम्ही जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाचे नाव घेऊ. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह ग्रामीण स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात संगणक आणि संगीत या दोहोंचे जाणकार बर्नार्ड बेल त्यांना मिळाले. त्यांनी ओव्यांची संगणकीय नोंद बांधली आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रणाची टिपणे केली. पॉइटव्हाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली गेल्या. पुढे हा ठेवा 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाकडे आला आणि २०१७ पासून लोकांपुढे येऊ लागला.

त्या काळी क्षेत्रात जाऊन उत्तम मुद्रण करावयाचे तर डॅट या अंकीय फितीचे यंत्र वापरीत. १९८७ साली ते आले. २००५ साली सोनीने त्याची निर्मिती थांबविली. वीस वर्षेही पुरी झाली नाहीत. ज्यांच्या फिती नुसत्या कपाटात राहिल्या, त्यांना आता चालू यंत्र शोधीत हिंडावे लागते. तेव्हा यंत्र टिकते, हा भरवसा खोटा.

मग सॉफ्टवेअर टिकते म्हणावे, तर तेही नाही. लॉजिक हे सॉफ्टवेअर २००२ साली ॲपलने विकत घेतले आणि विंडोजवरील त्याचे काम बंद केले. त्या बाजूचे वापरणारे एका दिवसात पोरके झाले. केकवॉक या जुन्या सॉफ्टवेअरची निर्मिती २०१७ साली त्याच्या मालक कंपनीने थांबविली. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या कंपनीने ते घेतले म्हणून निभावले. सॉफ्टवेअरच्या खास साच्यात गुंतवून ठेवलेले काम त्या सॉफ्टवेअरबरोबर बुडू शकते.

ओव्यांचा ठेवा मात्र टिकला. का टिकला? कारण प्रत्येक ओवी कोणाची, कोणत्या गावची, याची नोंद होती. मजकूर वेगळा लिहिलेला होता. आणि काळजी घेणाऱ्या माणसांनी तो एका साधनातून दुसऱ्या साधनात वेळीच उतरविला. आवाज टिकतो तो नकलेमुळे आणि नोंदीमुळे. साधन कोणतेही असो, त्याला आयुष्य आहे हे धरूनच चालावे.

वरवटच्या खोलीत

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. यंत्र की सॉफ्टवेअर, असे विचारताना आपण एक गोष्ट विसरतो. हवेतला आवाज सॉफ्टवेअरला ऐकूच येत नाही. माइक आणि आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणारी पेटी, ज्याला मुले इंटरफेस म्हणतात, ही यंत्रेच आहेत आणि त्यांना पर्याय नाही. निवड आहे ती त्यापुढच्या कामात. कापणे, जोडणे, थर चढविणे, पातळी सारखी करणे ही कामे सॉफ्टवेअर इतक्या सुबकपणे आणि स्वस्तात करते की, त्यांसाठी वेगवेगळ्या पेट्या विकत घेणे घरगुती माणसाला परवडणारे नाही, आणि त्याची गरजही नाही. चूक झाली तर मागे जाता येते, हा सॉफ्टवेअरचा गुण फितीला कधीच साधला नाही.

दुसरा भाग टिकाऊपणाचा. चल-कुंडलाचा माइक ज्या तत्त्वावर शंभर वर्षांपूर्वी चालत होता, त्याच तत्त्वावर आजही चालतो. १९६५ आणि १९६६ साली निघालेले शुअर कंपनीचे दोन माइक अजूनही तयार होतात आणि सभा-मंडपांतून दिसतात. सॉफ्टवेअरची मात्र दरवर्षी नवी आवृत्ती येते. तेव्हा थोडा पैसा असेल तर तो जेथे जास्त वर्षे टिकेल तेथे आधी घालावा. माइक पहिला, इंटरफेस दुसरा, बंदिस्त हेडफोन तिसरा. सॉफ्टवेअर फुकटचे घ्यावे. काम वाढले की मग विकतचे पाहावे.

या सर्वांच्या आधी खोली. पत्र्याचे छत, सिमेंटच्या उघड्या भिंती आणि गरगरणारा पंखा असेल, तर महागडा माइक त्या दोषांचेच सुंदर मुद्रण करील. आपला मुलूख कापसाचा. जाड गोधड्या आणि गाद्या भिंतीपासून थोड्या अंतरावर टांगल्या, की टाळांचा व गळ्याचा उडणारा नाद बराच मरतो. पण त्यांची मर्यादाही समजून घ्यावी. सेकंदाला १००० कंपनांच्या सुराची लांबी सुमारे ३४ सेंटिमीटर असते. तिच्या चौथाईइतकी, म्हणजे साडेआठ सेंटिमीटर जाडी अथवा अंतर मिळाले की काम होते. १०० कंपनांच्या सुराची लांबी मात्र ३.४ मीटर. मृदंगाच्या धुमेचा घुमारा गोधडीने मरावयाचा नाही. तेथे वादकाची जागा बदलून पाहणे हाच खरा उपाय. मोकळा कापूस मात्र भरू नये. तो आगीला आमंत्रण देतो.

तालाचाही एक बारकावा आहे. संगणकात आवाज आत जाऊन कानाशी परत येईपर्यंत वेळ लागतो. ४८,००० नमुन्यांच्या मुद्रणात २५६ नमुन्यांचा साठा ठेवला, तर एका बाजूचा उशीर सुमारे ५.३ मिलिसेकंद होतो. म्हणजे वादक पावणेदोन-दोन मीटर दूर बसल्याइतका. तो चालतो. साठा १०२४ चा ठेवला, तर तोच २१ मिलिसेकंदांवर जातो, जाऊन-येऊन दुप्पट होतो आणि गाणारा अडखळतो. इंटरफेसमधूनच थेट ऐकण्याची सोय असेल तर हा त्रास टळतो. घेताना ती सोय आहे का, एवढे विचारून घ्यावे.

परंतु आमच्या भागात निम्मे मोलाचे मुद्रण खोलीत होतच नाही. पोळ्याच्या झडत्या बैलांच्या तोरणाखाली म्हणावयाच्या, भुलाबाईची गाणी अंगणात म्हणावयाची, भजन देवळात, आणि जात्यावरची ओवी ज्या आजीला येते ती तुमच्या स्टुडिओत येऊन बसणार नाही. तेथे संगणक उघडणे, तारा जोडणे, मध्येच वीज गेली म्हणून थांबणे, यात वेळ निघून जातो आणि आजी बुजते. अशा कामाला सेलवर चालणारा, एका बटनाने सुरू होणारा, हातात मावणारा रेकॉर्डर हेच खरे साधन. तो नसेल तर मोबाइल. गाडगेबाबांच्या कीर्तनाची गोष्ट येथे आठवावी.

तात्पर्य असे की, एकट्याने थर चढवून गाणे बांधावयाचे असेल, तर चांगला माइक, साधा इंटरफेस आणि संगणकावरील सॉफ्टवेअर. दुसऱ्याचा आवाज जपावयाचा असेल, तर हातातले यंत्र. दोन्ही करावयाचे असेल, तर रेकॉर्डरने टिपावे आणि सॉफ्टवेअरने निवडावे. मूळ मुद्रण साध्या डब्ल्यूएव्ही साच्यात ठेवावे. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने किमान ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिट हे प्रमाण सांगितले आहे. त्या हिशेबाने एका माइकच्या तासाभराच्या मुद्रणाला सुमारे ५२० मेगाबाइट जागा लागते, आणि ती आज महाग नाही. नकला तीन कराव्या. त्यांतली एक दुसऱ्या गावी, नातेवाइकाच्या घरी ठेवावी. वहीत गाणाऱ्याचे नाव, गाव, दिवस आणि गाण्याचा पहिला शब्द लिहावा. आणि मुद्रणापूर्वी त्या माणसाची संमती घ्यावी. गळा त्याचा आहे.

उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला शेगावची रेल्वे, या दोहोंमधल्या आमच्या या पट्टीत जाते फिरविताना ओवी म्हटलेल्या स्त्रिया आता थोड्या उरल्या आहेत. पिठाच्या गिरणीने जाते बंद केले आणि जात्याबरोबर गाणे थांबले. त्यांच्या सुनांना चाल आठवते, नातींना तीही नाही. कोणती पेटी घ्यावी याचा काथ्याकूट दोन वर्षे करणाऱ्यापेक्षा, आहे त्या साधनाने या उन्हाळ्यात पाच घरी जाऊन येणाराच्या हाती अधिक काही लागेल. अक्षय्य तृतीया जवळ आली आहे; लेकी माहेरी येतील, घराघरांत म्हाताऱ्या माणसांभोवती मंडळी जमेल. यंत्र आणि सॉफ्टवेअर यांचा निर्णय त्यानंतरही करता येईल, इतकेच नम्रपणे सांगून आम्ही आपली रजा घेतो.